पारी, चीक आणि वाफ

नव्याने उघडलेल्या छोट्या डिमसमच्या हॉटेलात पहिल्यांदा जाल तेव्हा लांबलचक मेन्यूकार्डात गुंतू नका. आधी ‘हा गाऊ’ची एक टोपली मागवा. बांबूच्या लहानशा टोपलीत कोळंबीचे सारण भरलेले तीन-चार नग समोर येतील. प्रत्येक नग एका घासाचा, एका अंगाला बारीक कळ्या पाडलेला. पारी इतकी पातळ हवी की आतल्या कोळंबीचा गुलाबी रंग बाहेरून दिसावा, आणि इतकी चिवट हवी की उचलताना तळाशी फाटू नये. कळ्या निदान सात, कसलेल्या हाताच्या दहाच्या पुढे. हाँगकाँगचे जुने खवय्ये आचाऱ्याची पारख या एका पदार्थावरून करतात, आणि ते बरोबरच आहे. सारण, सॉस आणि सजावटीच्या आड बरेच काही झाकता येते. पारीत काहीच लपत नाही.

डिमसम म्हटले की मराठी माणसाला मुंबई आठवते. वांद्रे-कुर्ला संकुलात 2011 साली लंडनच्या ‘याउआचा’ची शाखा उघडली, तेव्हापासून हा शब्द वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत नित्याचा झाला. हा पदार्थ मुळापासून समजून घ्यायचा तर मला मात्र बाघ नदीचा काठ जास्त उपयोगी वाटतो. गोंदियाहून बालाघाटकडे जाताना बाघ नदी आडवी येते आणि महाराष्ट्र संपून मध्य प्रदेश सुरू होतो. राजेगाव याच पट्ट्यातले. 1956 पर्यंत दोन्ही काठ नागपूर राजधानी असलेल्या एकाच प्रांतात होते. पुढे भंडारा मुंबई राज्यात आला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि 1999 साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. नकाशा बदलला तरी दोन्हीकडचे शेत धानाचेच राहिले. नदीत झिंगे, जंगलात बांबू, बांधीत धान. उद्या राजेगावच्या रस्त्यावर कुणी चार टेबलांचे डिमसमचे हॉटेल काढले, तर त्याला लागणारा बहुतेक माल हाकेच्या अंतरावर आहे. आणि त्याहून मोठी गोष्ट, हॉटेलात येणाऱ्या गिऱ्हाइकाला पारी ओळखता येते, कारण तिची सारी अंगे त्याच्या घरात आधीपासून आहेत. फक्त ती वेगवेगळ्या सणांत आणि वेगवेगळ्या ऋतूंत विखुरलेली आहेत.

सुरुवात उन्हाळ्यापासून, कुरडयांच्या हंगामापासून करू. हा गाऊची पारी तांदळाची असते असा सर्रास समज आहे. ती असते गव्हाची, पण गव्हाच्या पिठाची नव्हे. गव्हातले ग्लुटेन, म्हणजे कणकेला ताण देणारे प्रथिन, धुऊन काढल्यावर जो शुभ्र साका उरतो त्याची ती पारी. हा साका आपल्याकडे घरोघरी काढतात. कुरडयांसाठी, म्हणजे विदर्भातल्या कुरोड्यांसाठी, गहू तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवायचे, वाटायचे, पिळून चोथा वेगळा करायचा, गाळलेले पाणी रात्रभर न हलवता ठेवायचे. सकाळी वरचे पिवळसर आंबूस पाणी हलकेच ओतून दिले की तळाशी घट्ट पांढरा थर बसलेला असतो. तोच चीक. दक्षिण चीनमधल्या कँटनच्या आचाऱ्याच्या पिशवीत कोरड्या भुकटीच्या रूपात असतो तोही हाच. आपला चीक भिजवणीत थोडा आंबलेला असतो आणि त्याचा सुखद आंबटपणा कुरडईत उतरतो, त्यांची भुकटी बेचव आणि तटस्थ असते. एवढाच काय तो फरक.

चीक शिजताना पाहिला असेल तर पारीचे सगळे शास्त्र पाहिले आहे. उकळत्या पाण्यात मीठ आणि हिंग घालून चीक ओतला की पहिल्या मिनिटाला ते दुधट पाणीच असते. मग एकाएकी कलथा जड होतो, पांढरेपणा जातो आणि पातेल्यात काचेसारखा झिरझिरीत गोळा फिरू लागतो. ज्या घरी कुरडया घालतात तिथली मुले वाटी घेऊन याच क्षणाची वाट पाहत असतात. घडते ते असे. स्टार्चचे कण थंड पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगतात आणि प्रकाश विखुरतात, म्हणून पाणी पांढरे दिसते. गव्हाच्या स्टार्चचा कण साधारण 60 अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी पिऊन फुगू लागतो. त्याची आतली घट्ट रचना सुटते, आतले लांब रेणू बाहेर येऊन एकमेकांत गुंततात आणि प्रकाश आरपार जाऊ लागतो. हा गाऊमधून कोळंबी दिसते ती या कारणाने. मैद्याची पारी कितीही पातळ लाटली तरी तिच्यातून असे दिसणार नाही, कारण ग्लुटेनचे जाळे तिला अपारदर्शक ठेवते.

पण नुसत्या चिकाची पारी ठिसूळ होते, कळ्या पाडताना तुटते. म्हणून आचारी त्यात टॅपिओकाचे स्टार्च मिसळतात, म्हणजे ज्याचा साबुदाणा बनतो तेच. भिजलेला साबुदाणा शिजल्यावर किती चिवट होतो हे उपास करणाऱ्याला सांगायला नको. पारीला लवचीकपणा येतो तो याचा. वर चिमूटभर मीठ, थोडी चरबी किंवा तेल आणि खळखळते पाणी. पाणी नुसते गरम असून चालत नाही. ते उकळते असले तरच निम्मे स्टार्च जागीच शिजते आणि गोळा एकत्र धरतो, कारण ज्या पिठात ग्लुटेन नाही त्याला बांधून ठेवणारे दुसरे काहीच नसते.

हे वाक्य कोकणातल्या कोणत्याही सुगरणीला ठाऊक आहे, फक्त तिने ते शब्दांत मांडलेले नसते. उकडीच्या मोदकासाठी ती आधणात तांदळाची पिठी वैरते, झाकण ठेवून वाफ आणते आणि हाताला चटके बसत असताना उकड मळते. तांदळाच्या पिठाला ग्लुटेन नसल्याने गार पाण्यात भिजवलेल्या पिठीची पारी होत नाही. तांदळाच्या स्टार्चला शिजायला गव्हाच्या स्टार्चपेक्षा बहुधा थोडी जास्त उष्णता लागते, बऱ्याच वाणांना 70 अंशांच्या पुढे, म्हणून तर आधण. उकड ओल्या कापडाखाली ठेवायची, बोटांना तेल-पाणी लावायचे, पारी कडेला पातळ आणि तळाला किंचित जाड ठेवायची, हे नियम कँटनच्या स्वयंपाकघरातही जसेच्या तसे आहेत. तिथे लाटण्याऐवजी रुंद पात्याचा सुरा वापरतात. लिंबाएवढी गोळी पाटावर ठेवून तेल लावलेल्या पात्याची सपाट बाजू तिच्यावर दाबतात आणि मनगट अर्धवर्तुळात फिरवतात. एका झटक्यात गोल चकती तयार, एक कड दुसरीपेक्षा पातळ. पातळ कडेला कळ्या पडतात, जाड कड पाठीशी राहते. हे काम डोळ्यांनी पाहायला मिळाले तर टेबल सोडून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहा.

गोड सारण भरलेला तांदळाचा मोदक आपल्याकडे किती जुना आहे याचा लेखी पुरावाही आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यातल्या अन्नभोगाच्या भागात वेलदोडा, कापूर अशा सुगंधी द्रव्यांचे सारण घातलेले, गारांसारखे दिसणारे तांदळाचे मोदक येतात. एवढ्यावरून ही विद्या चीनकडून आपल्याकडे आली किंवा आपण तिकडे दिली असे म्हणायचे कारण नाही. जिथे भात पिकतो आणि सरपण जपून वापरावे लागते, तिथे पीठ वाफवण्याची कल्पना स्वतंत्रपणे सुचू शकते. बालाघाटला लागून असलेल्या छत्तीसगडात तांदळाच्या पिठाचे फरे वाफवतात. कोकणात हळदीच्या पानातल्या पातोळ्या आहेत. मोदकांची उकड उरली की जिरे-मिरची घालून निवगऱ्या होतात. आणि नागपंचमीला, ज्या दिवशी तवा ठेवायचा नाही, तळायचे नाही, त्या दिवशी घाटावर पुरण भरलेली दिंडे उकडतात. कणकेच्या पारीत सारण भरून वाफवलेले दिंड हे मोमोचे अगदी सख्खे भावंड आहे.

मोमोचा विषय इथेच घेतलेला बरा, कारण जिल्ह्याच्या कुठल्याही गावात आज डिमसमच्या आधी मोमोची गाडी पोचलेली असते आणि लोक दोन्ही एकच समजतात. मोमोची पारी मैद्याची, गार पाण्यात भिजवलेली, ग्लुटेनवर उभी राहिलेली. तिचे नाते उत्तर चीनच्या गव्हाच्या मुलखाशी. चीनमध्ये छिनलिंग पर्वत आणि हुआय नदी यांच्या रेषेच्या उत्तरेला गहू आणि दक्षिणेला भात, अशी ढोबळ विभागणी आहे. आपल्याला मोमो दिला तो तिबेटी आणि नेपाळी लोकांनी, आणि त्यासाठी फार लांब जायला नको. गोंदिया जिल्ह्यातच अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडजवळ नोरग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत 1972 पासून आहे. थंडीत गावोगाव लोकरीचे स्वेटर विकणारे तिबेटी लोक विदर्भाला पिढ्यांपासून परिचित आहेत. धानाच्या या पट्ट्यात गव्हाची वाफवलेली पारी त्यांच्या घरांत अर्धशतकापासून शिजते आहे.

बालाघाट जिल्ह्याचे चीनशी आणखी एक नाते आहे, आणि ते मन हेलावणारे आहे. वांग छी हे चिनी सैन्यातले सर्वेक्षक जानेवारी 1963 मध्ये वाट चुकून भारताच्या हद्दीत आले आणि पकडले गेले. निरनिराळ्या तुरुंगांत वर्षे काढल्यावर 1969 साली त्यांची सुटका झाली, आणि त्यांना आणून ठेवले ते बालाघाट जिल्ह्यातल्या तिरोडी या मॅंगनीजच्या खाणींच्या गावात. तिथे ते पिठाच्या गिरणीत कामाला लागले, लोक त्यांना राज बहादूर म्हणू लागले, त्यांनी तिथेच लग्न केले, संसार केला. परत जायची परवानगी मिळायला फेब्रुवारी 2017 उजाडावे लागले. पन्नासहून अधिक वर्षांनी ते शान्शी प्रांतातल्या आपल्या गावी पोचले. शान्शीचा हा भाग म्हणजे छिनलिंगच्या उत्तरेचा, नूडल्सचा आणि वाफवलेल्या पावांचा मुलूख. गव्हाच्या देशातला माणूस धानाच्या देशात येतो आणि पोटासाठी पीठ दळतो, याचा विचार मी जेव्हा जेव्हा करतो तेव्हा ‘चायनीज’ या एका शब्दात आपण किती मोठा देश कोंबून टाकतो ते जाणवते. वांग छींच्या गावच्या माणसाला हा गाऊ जवळजवळ तितकाच परमुलखातला, जितका सातारच्या माणसाला सांदण.

डिमसम घडले ते दक्षिणेला, कँटन म्हणजे आजच्या ग्वांगचौच्या चहाघरांत. 1757 ते 1842 या काळात पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनमध्ये उघडे असलेले हे एकच बंदर. मुंबईचे पारशी व्यापारी इथेच कापूस आणि अफू घेऊन जात आणि चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी आणत. व्यापारी, दलाल, हमाल, सगळ्यांना सकाळी बसायला जागा हवी. चहा हे मुख्य, सोबत थोडे काही खायला. पदार्थ लहान का, याचे उत्तर इथे आहे. चार वेगवेगळ्या चवी घेता याव्यात, गप्पा थांबू नयेत आणि खिशाला झेपावे. हा गाऊ त्या मानाने अलीकडचा, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्वांगचौच्या नदीकाठच्या वस्तीत जन्मला असे मानतात. ताजी कोळंबी दारात येत होती म्हणून. पुढे माणसे हाँगकाँगला गेली, आणि चहाघरेही. ‘लुक यू’ हे 1933 साली सुरू झालेले चहाघर अजून चालू आहे. कँटनकडची काही कुटुंबे मुंबईतही आली. माझगावात नवाब टँक रोडजवळ त्यांच्यातल्या सी यिप लोकांनी 1919 साली बांधलेले छोटे मंदिर आजही आहे. कोलकात्यात तिरेट्टा बाजारात रविवारी भल्या सकाळी रस्त्यावर सिऊ माय (वरून उघडे ठेवलेले नग) आणि बाऊ (सारण भरलेले वाफवलेले पाव) मिळतात. भारतात चहाघराच्या वेळेला, चहाघराच्या किमतीत डिमसम खायचे तर त्याहून चांगली जागा मला माहीत नाही.

छोट्या नव्या हॉटेलांच्या बाजूने एक मोठा दाखला आहे. हाँगकाँगच्या एका पंचतारांकित हॉटेलात काम केलेले माक क्वाय-पुई यांनी 2009 साली माँग कॉक भागात ‘टिम हो वान’ उघडले. जागा वीसेक माणसांची, पदार्थ मोजके, भाव सामान्य माणसाचे. लवकरच त्याला मिशेलिनचा तारा मिळाला आणि दाराबाहेर तासन्‌तास रांगा लागल्या. यातले कळीचे शब्द ‘पदार्थ मोजके’. हा गाऊची पारी सकाळी भिजवली तर ती दुपारी कळ्या घेत नाही. भरलेले नग झाकून ठेवले तर सारणाचे पाणी सुटून तळ फाटतो. वाफेवर पाच-सहा मिनिटांपेक्षा जास्त राहिले तर पारीचा चिखल होतो. इतके नाजूक काम चार हातांनी साठ पदार्थांत होत नाही. म्हणून नव्या हॉटेलच्या मेन्यूवर डिमसमच्या शेजारी पनीर चिली, पिझ्झा आणि पावभाजी दिसली, तर पारी बहुधा गोठवलेल्या पाकिटातून आलेली असते. दहाच पदार्थ दिसले तर निर्धास्त बसा. गोठवलेली पारी ओळखणे सोपे आहे. कडेला पांढुरके, कोरडे, भेगाळलेले पट्टे असतात. शिजलेले स्टार्च गार झाले की त्याचे रेणू पुन्हा रांगेत बसू लागतात आणि पाणी बाहेर ढकलतात. फ्रीजच्या थंडीत हे सर्वांत वेगाने होते. रात्रीचा मोदक सकाळी कडक का लागतो, त्याचेही कारण हेच.

आता बाघ नदीच्या काठाकडे पुन्हा वळू. हा गाऊच्या सारणात कोळंबी, थोडी डुकराची चरबी आणि बारीक चिरलेले बांबूचे कोंब असतात. कोंब दाताखाली कुरकुरीत लागावे म्हणून. पूर्व विदर्भात पावसाळ्यात बाजाराला वास्ते येतात, ते हेच कोंब. ते चिरून, उकळून, पाणी टाकून द्यावे लागते, कारण कच्च्या कोंबात सायनाइड सोडणारे द्रव्य असते, हे इथल्या बायांना कुणी शिकवावे लागत नाही. झिंगे नदीचे आणि माजी मालगुजारी तलावांचे. गोड्या पाण्याचा झिंगा समुद्राच्या कोळंबीपेक्षा मऊ असतो. त्याला मीठ आणि किंचित खाण्याचा सोडा चोळून थंड पाण्यात धुतले तर प्रथिने पाणी धरून ठेवतात आणि चावताना उसळी येते. कँटनचे आचारी समुद्राच्या कोळंबीलाही हेच करतात. टोपली बांबूची का, हेही बुरुडाला विचारा. स्टीलच्या झाकणाला वाफ लागली की थेंब जमतात आणि पारीवर टपकतात, टपकले की पारी तिथे विरघळते. विणलेल्या बांबूतून वाफ निघून जाते, थोडे पाणी बांबू शोषतो. मोदकपात्राच्या झाकणाला आतून कापड बांधतात ते याचसाठी. ज्या बालाघाट जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग जंगल आहे, तिथे प्लॅस्टिकच्या चाळणीत डिमसम मिळावे याचे मला खरेच वाईट वाटते.

तांदूळ लागतो तो दुसऱ्या पदार्थाला. ‘चंग फन’साठी तांदूळ भिजवून पातळ वाटतात, तेल लावलेल्या पसरट ताटलीत पातळ थर देऊन मिनिट-दोन मिनिटे वाफवतात आणि खरवडून गुंडाळी करतात. याला चिकट तांदूळ चालत नाही, मोकळा, जुना तांदूळ लागतो. गोंदिया-बालाघाटच्या गिरण्यांतून निघणारी कणी इथे उत्तम चालावी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतात निवडून काढलेला एचएमटी तांदूळही चालेल. 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालेला बालाघाटचा चिन्नोर मात्र यात घालू नये. त्याचा सुवास सोया सॉसखाली वाया जातो. तो मोदकाला किंवा नुसत्या वरणभाताला राखून ठेवावा.

मागवायचा क्रम हलक्याकडून जडाकडे ठेवा. हा गाऊ, मग चंग फन, मग सिऊ माय, शेवटी पाव आणि तळलेले. सगळे एकदम मागवू नका, दोन टोपल्या संपल्या की पुढच्या दोन. मांसाहार चालतो पण डुक्कर चालत नसेल, तर सारणात चरबी आहे का हे आधीच विचारा, कारण कोळंबीच्या पदार्थातही ती असते. शाकाहाऱ्यांनी पारी आणि तळणाचे तेल वेगळे आहे का हेही विचारावे. नवे हॉटेल असेल तर मालक बहुधा स्वतः उत्तर द्यायला येतो, आणि त्याला अशी विचारणा आवडते. चहा बिनदुधाचा. चरबीच्या पदार्थांबरोबर पू-अर, हलक्या पदार्थांबरोबर शेवंतीच्या फुलांचा. किटली रिकामी झाली की झाकण तिरके ठेवायचे, वाढपी समजतो. कुणी आपला पेला भरला की दोन बोटांनी टेबलावर हळू टकटक करायची. वेष बदलून फिरणाऱ्या छ्येनलुंग बादशहाने सेवकाच्या पेल्यात चहा ओतला आणि सेवकाने बोटे वाकवून लपूनछपून मुजरा केला, अशी त्यामागची लोककथा आहे. काड्या जमत नसतील तर हाताने खा, पण पारी चिमटीत दाबू नका, खालून बोट द्या. आणि पहिला हा गाऊ सॉसशिवाय खाऊन पाहा. लाल चटणी आणि मेयोनीज मोमोच्या जाड पारीला सोसवते, या पारीला नाही.

पौष-माघात गेलात तर ‘लो बाक गो’ विचारा. चिनी नववर्षाचा हा पदार्थ त्याच सुमाराला असतो आणि तेव्हा आपल्याकडेही मुळा कोवळा आणि स्वस्त असतो. किसलेला मुळा आणि तांदळाची पिठी एकत्र शिजवून थापतात, तासभर वाफवतात, गार झाल्यावर वड्या कापून तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस परततात. वडी बाहेरून कुरकुरीत आणि आतून चमच्याने तुटेल इतकी मऊ असली, की दुसरी थाळी लगेच सांगून टाका, कारण छोट्या हॉटेलात ती दिवसाला एकदाच वाफवतात आणि दुपारनंतर उरत नाही.